साठ दिवसांची नोटीस आल्यावर घर विकायचं असेल तर

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्यात वाकडला दोन बेडरूमचा फ्लॅट, २०१८ साली ५८ लाखांना घेतलेला, नवरा-बायको दोघांच्या नावावर. कर्ज ४६ लाखांचं, हप्ता ४० हजारांच्या आसपास. यजमानांची नोकरी गेली, पाच हप्ते थकले आणि बँकेची साठ दिवसांची नोटीस आली. त्यातले पंचवीसेक दिवस सरले आहेत. नोटिशीत मागणी ३९ लाख ६० हजारांची आहे. तुमच्या सोसायटीत असे फ्लॅट ७४-७५ लाखांना जातात. एक इन्व्हेस्टर ५५ लाखांत घ्यायला तयार आहे, दहा दिवसांत सगळं उरकतो म्हणतो. त्याची अट अशी की आत्ताच कुलमुखत्यारपत्र आणि नोटरी केलेला करार द्यायचा, बँकेचं पुढचं तो बघेल. लिलावाची नामुष्की टाळायला हे करून टाकावं का, असं तुम्ही विचारलं आहे.

माझं उत्तर स्पष्ट आहे: त्या कागदांवर सही करू नका. घर विकणं कदाचित योग्यच ठरेल, पण या माणसाला नाही आणि या पद्धतीने नाही. मी बरीच वर्षं एका बँकेच्या वसुली विभागात होतो, आता पुण्यात पुनर्विक्रीच्या घरांचे व्यवहार आणि त्यांची कागदपत्रं बघतो. बँक कुठे अडून बसते आणि कुठे ऐकून घेते हे आतून पाहिलेलं आहे, त्यावरून सांगतो.

तुम्हाला वाटतंय की साठाव्या दिवशी घर जाणार. तसं नाही. थकलेल्या कर्जासाठी गहाण घर बँकेला थेट ताब्यात घेऊन विकू देणारा जो सरफेसी कायदा, त्याच्या कलम १३(२) खालची ही नोटीस म्हणजे पहिली पायरी आहे. साठ दिवस नोटिशीच्या तारखेपासून मोजतात, म्हणून आधी ती तारीख बघा, पाकीट हातात पडल्याची नव्हे. त्या मुदतीत पैसे भरले नाहीत तर बँक कलम १३(४) खाली ताबा घेऊ शकते. हा पहिला ताबा बहुतेक वेळा सांकेतिक असतो. अधिकारी येतात, पंचनामा करतात, दारावर ताबा नोटीस चिकटवतात, आणि सात दिवसांच्या आत ती दोन वर्तमानपत्रांत छापून येते. त्यातलं एक स्थानिक भाषेतलं असावं लागतं. तुम्ही मात्र घरातच राहता. खरोखरचा ताबा घ्यायला बँकेला सहसा कलम १४ खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. त्यानंतर मूल्यांकन, राखीव किंमत, आणि लिलावाच्या आधी किमान ३० दिवसांची विक्री नोटीस. हे सगळं साठाव्या दिवशी एका झटक्यात होत नाही.

आता याची दुसरी बाजू. अनेक वकील आणि एजंट सांगतात, 'लिलावाच्या दिवशी जरी पैसे घेऊन गेलात तरी घर सुटतं.' हे जुनं झालं. २०१६ च्या दुरुस्तीनंतर कलम १३(८) नुसार बँकेचं संपूर्ण येणं खर्चासह भरून घर सोडवून घेण्याचा तुमचा हक्क लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स या प्रकरणात ते पक्कं केलं. सूचना छापून आल्यानंतर बँकेने पैसे घेतले तर तो तिचा समजूतदारपणा. तुम्ही हक्काने मागू शकत नाही.

म्हणजे कायद्याने तुमची शेवटची तारीख बरीच लांब आहे. पण बाजाराची तारीख त्याच्या खूप आधी येते, आणि नेमकं हेच लोकांच्या लक्षात येत नाही. ताबा नोटीस एकदा पेपरात आली की साधा, कर्ज काढून घर घेणारा खरेदीदार तुमच्या हातून जातो. त्याच्या बँकेचा वकील घराची कागदपत्रं तपासून जो शोध अहवाल देतो त्यात ती नोटीस नोंदवतो आणि बँक कर्ज द्यायला नकार देते किंवा महिनोन्‌महिने झुलवते. मग उरतात ते रोख ताकदीचे इन्व्हेस्टर. ५५ चे ५० कसे होतात ते तेव्हा कळतं. म्हणून तुमच्या हातातले पस्तीस दिवस घर विकून मोकळं होण्यासाठी नाहीत, तेवढ्यात ते होणारही नाही. ते आहेत दारावर ताबा नोटीस लागू न देण्यासाठी. हे एकदा मनात पक्कं झालं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

ताबा नोटीस कशी टळेल? नोटिशीत बँकेने पूर्ण ३९ लाख ६० हजार मागितले आहेत, पण तुमची खरी थकबाकी पाच हप्त्यांची आहे. म्हणजे दोन लाख, वर दंड-शुल्क, नोटिशीचा आणि वकिलाचा खर्च. सगळं धरून तीन लाखांच्या आत बसेल असा माझा अंदाज; नेमका आकडा बँकेकडून लेखी घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर २०२१ च्या स्पष्टीकरणानुसार एनपीए, म्हणजे बुडीत-थकीत ठरवलेलं, खातं पुन्हा नियमित व्हायला थकलेलं मुद्दल आणि व्याज संपूर्ण भरावं लागतं, एखाद-दुसरा हप्ता भरून चालत नाही. पण संपूर्ण थकबाकी भरली की खातं नियमित होऊ शकतं. गृहकर्जात असं झालं की बँका बहुधा पुढची कारवाई थांबवतात, कारण लिलावात त्यांनाही रस नसतो. वसुली विभागात बसलेल्या माणसाला फ्लॅट नको असतो, एनपीएच्या यादीतून एक खातं कमी झालेलं हवं असतं.

इथेच पहिला प्रश्न स्वतःला विचारा: घर विकायलाच हवं का? यजमानांची नवी नोकरी दोन-तीन महिन्यांत नक्की लागण्यासारखी असेल, तुमचा पगार चालू असेल, आणि सोनं, भविष्य निर्वाह निधी किंवा घरच्यांकडून तीन लाख उभे होत असतील, तर खातं नियमित करा आणि बँकेला हप्त्याची मुदत वाढवून मागा. पण पुढचा हप्ता कुठून येणार याचं उत्तर नसेल, तर उसनवारी करून थकबाकी भरणं म्हणजे तीच अडचण चार महिन्यांनी नव्या कर्जासह पुन्हा अंगावर घेणं. विशेषतः क्रेडिट कार्ड किंवा मोबाइल ॲपवरच्या कर्जातून हप्ता भरू नका. तुम्ही लिहिलं आहे की नोकरीचं काही ठरलेलं नाही आणि एका पगारात ४० हजार निघत नाहीत. तसं असेल तर विकण्याचा विचार बरोबर आहे, आणि तो आत्ता केलात हेही बरोबर आहे.

विकायचं ठरलं की सर्वांत आधी बँकेत जायचं, एजंटाकडे नंतर. याचं कायदेशीर कारण आहे. कलम १३(१३) सांगतं की नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी पूर्वसंमतीशिवाय ते घर विकता येत नाही, भाड्यानेही देता येत नाही. तो नियम मोडणं हा त्या कायद्याखाली गुन्हा आहे, आणि त्या इन्व्हेस्टरने तुम्हाला हे सांगितलं नसणार. भेटायचं कोणाला? जिथे कर्ज काढलं त्या शाखेतल्या ओळखीच्या साहेबांना नाही. नोटिशीच्या शेवटी 'प्राधिकृत अधिकारी' म्हणून ज्यांची सही आहे त्यांना. फोनवर बोलू नका, अर्ज घेऊन जा, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊन या.

अर्ज मराठीत चालेल. साधारण असा: 'आपली अमुक तारखेची कलम १३(२) ची नोटीस मिळाली. नोकरी गेल्यामुळे हप्ते थकले आहेत. कर्ज बुडवण्याचा आमचा हेतू नाही. सदर सदनिका बाजारभावाने विकून आपलं संपूर्ण कर्ज फेडण्याची आमची इच्छा आहे. तरी कलम १३(१३) नुसार विक्रीस लेखी संमती द्यावी. विक्रीची रक्कम थेट आमच्या गृहकर्ज खात्यात जमा केली जाईल. आजची नेमकी थकबाकी, कर्ज पूर्ण बंद करण्यासाठीची रक्कम आणि आपल्याकडे असलेल्या मूळ कागदपत्रांची यादी द्यावी. आमची थकबाकी अमुक तारखेपर्यंत जमा करू, तोवर कलम १३(४) ची कारवाई करू नये.' नोटिशीतल्या आकड्यात चूक दिसत असेल, भरूनही जमा न धरलेला हप्ता किंवा न समजलेलं शुल्क असेल, तर तेही याच अर्जात मांडा. कलम १३(३अ) नुसार तुमच्या निवेदनाला पंधरा दिवसांत उत्तर देणं बँकेवर बंधनकारक आहे, त्यामुळे अर्ज फाइलमध्ये पडून राहत नाही.

बँक संमती देताना अटी घालेल: किमान किंमत, पैसे थेट खात्यात, ठरावीक मुदत. त्या मान्य करण्यासारख्या असतात. कर्जाच्या रकमेपेक्षा घराची किंमत एवढी जास्त असताना संमती नाकारलेली मी फार क्वचित पाहिली आहे. बदलत्या व्याजदराचं वैयक्तिक गृहकर्ज असेल तर ते मुदतीआधी बंद करण्याचं शुल्क बँकेला लावता येत नाही, हेही लक्षात असू द्या; बँकेच्या हिशेबात दिसलं तर हटकून विचारा.

आता किंमत. '७४-७५ ला जातात' हे तुम्ही कुठून ऐकलंत? जाहिरातीतला भाव असेल तर तो सोडून द्या. महाराष्ट्राच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये तुमच्या सोसायटीतल्या अलीकडच्या व्यवहारांची सूची क्रमांक २ बघायला मिळते. नोंदवलेला खरा आकडा तिथे असतो. समजा तो ७४ निघाला. तुमच्या परिस्थितीत मी ७० ते ७१ ला घर बाजारात ठेवीन. चार-पाच टक्के सूट दिली की गंभीर खरेदीदार पहिल्या दोन-तीन आठवड्यांत येतो. ७५ ला ठेवून महिन्याने ७० वर येण्यात महिना जातो, आणि 'हे घर अजून का विकलं नाही' हा प्रश्न चिकटतो. शिवाय ३९-४० लाखांवर महिन्याला २८-३० हजार व्याज चढतंय. वाट बघण्याची किंमत तुम्ही रोज मोजताय.

एक खालची मर्यादाही आहे, ती म्हणजे रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेला, दर. त्याखाली व्यवहार झाला तरी मुद्रांक शुल्क रेडी रेकनरवरच लागतं, आणि फरक दहा टक्क्यांहून जास्त असेल तर विकणारा आणि घेणारा दोघांनाही आयकर त्या वरच्या किमतीवर मोजावा लागतो. ५५ लाखांचा सौदा या कसोटीवरही तपासून बघा.

कोणता खरेदीदार निवडायचा, याबाबत माझं मत ठाम आहे. जो दोन लाख जास्त देतो त्याच्यापेक्षा ज्याचं कर्ज आधीच मंजूर आहे तो बरा. त्याच्याकडे बँकेचं मंजुरीपत्र आणि स्वतःच्या वाट्याची रक्कम खात्यात दिसली पाहिजे. ७० लाखांच्या घराला बँक साधारण ८० टक्के, म्हणजे ५६ लाखांपर्यंत कर्ज देते. १४ लाख त्याला स्वतःचे घालावे लागतात. आणि त्याला नोटिशीबद्दल पहिल्याच भेटीत सांगा. लपवून काही साधत नाही, त्याच्या वकिलाला चौथ्या दिवशी कळतंच आणि मग विश्वास जातो. बँकेचं संमतीपत्र समोर ठेवून सांगितलंत तर बहुतेक लोक घाबरत नाहीत. उलट पैसे थेट बँकेत जाणार आहेत हे कळल्यावर त्यांना सुरक्षित वाटतं.

पैशांचा क्रम मी असा लावतो. विसार म्हणून खरेदीदाराकडून तेवढीच रक्कम घ्यायची जेवढ्यात तुमची थकबाकी मिटते, समजा तीन लाख. हे पैसे तुमच्या बचत खात्यात घ्यायचे नाहीत. पे ऑर्डर बँकेच्याच नावाने काढायची, पुढे 'गृहकर्ज खाते क्रमांक अमुक' आणि तुमची दोघांची नावं, सगळं एकाच ओळीत. विसार पावतीत त्या पे ऑर्डरचा क्रमांक लिहायचा. ती जमा झाली की खातं नियमित झाल्याचं आणि पुढची कारवाई स्थगित असल्याचं पत्र मागायचं. हे साठ दिवसांच्या आत झालं की तुमची मोठी लढाई संपली. त्यानंतर खरेदीदाराच्या बँकेला लागणारा दीड-दोन महिन्यांचा वेळ तुम्ही श्वास रोखून न धरता काढू शकता. या काळातला हप्ता मात्र चुकवू नका. गरज पडली तर खरेदीदाराच्या उरलेल्या वाट्यातून तो भरण्याची सोय साठेखतात, म्हणजे विक्रीच्या करारात, ठेवा.

सगळे १४ लाख पहिल्याच दिवशी कर्जखात्यात का टाकत नाही? कारण व्यवहार फिसकटला तर ते परत द्यायला तुमच्याकडे नसतील. उरलेला वाटा नोंदणीकृत साठेखताच्या दिवशी, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात घ्यायचा. अंगठे आणि फोटो होण्याआधी प्रत्येक पे ऑर्डर हातात घेऊन करारातल्या क्रमांकाशी ताडून बघा. घाईत एखादा अंक चुकतो आणि मग दुरुस्तीपत्र करत बसावं लागतं. खरेदीदाराचं कर्ज नामंजूर झालं तर काय, किती दिवसांत किती रक्कम परत, हे कलम साठेखतात हवंच. वाकडच्या घरावर खरेदीदाराला सात टक्के मुद्रांक शुल्क पडतं, एकट्या स्त्रीच्या नावाने घेतलं तर सहा. ७० लाखांवर ४ लाख ९० हजार, वर ३० हजार नोंदणी फी. तोही मोठी जोखीम घेतोय, त्यामुळे त्याच्या वकिलाने चार जास्तीचे प्रश्न विचारले तर राग मानू नका.

पुढची पायरी खरेदीदाराच्या बँकेची. ती तुमच्या कर्जाची उरलेली रक्कम थेट तुमच्या बँकेला देते आणि बाकीची तुम्हाला. हा तुमचा वाटा ज्या बँकेचं कर्ज आहे तिच्यातल्या बचत खात्यात घेऊ नका. त्याच बँकेचं क्रेडिट कार्ड किंवा वैयक्तिक कर्ज थकलं असेल तर बँक ती रक्कम अडवून वळती करू शकते. एका जोडप्याचे घरभाड्याच्या अनामतीसाठी ठेवलेले पैसे असे अडकलेले मी पाहिले आहेत; सामान टेम्पोत भरलेलं होतं आणि खातं गोठलेलं. दुसऱ्या बँकेत आधीच खातं उघडून ठेवा.

आकडे एकदा समोरासमोर ठेवतो. ७० लाखांची विक्री. खरेदीदार एक टक्का, म्हणजे ७० हजार टीडीएस कापेल, कारण किंमत ५० लाखांच्या वर आहे. ते पैसे बुडत नाहीत, विवरणपत्र भरताना तुमच्या नावावर जमा दिसतात, पण त्या दिवशी हातात येत नाहीत. कर्जाचे ३९ लाख ६० हजार, अधिक मधल्या महिन्यांचं व्याज. एजंटाचे एक-दोन टक्के. सोसायटीची देखभालीची बाकी. हस्तांतर शुल्क सहकारी गृहनिर्माण संस्थेला २५ हजारांहून जास्त घेता येत नाही. सगळं वजा जाता २७ ते २८ लाख तुमच्याकडे राहतात. इन्व्हेस्टरच्या सौद्यात कागदावर १५ लाख राहतात, तेही त्याने दिले तर. भांडवली नफ्याच्या कराचीही फार धास्ती घेऊ नका. जुलै २०२४ आधी घेतलेल्या घरासाठी महागाई निर्देशांक लावून कर मोजण्याची सवलत निवासी व्यक्तीला मिळते. २०१८-१९ चा निर्देशांक २८० आणि २०२५-२६ चा ३७६, म्हणजे तुमचे ५८ लाखच ७८ लाखांच्या घरात जातात, विक्रीच्या किमतीपेक्षा जास्त. कर बहुधा शून्य येईल, तरी सीएकडून एकदा तपासून घ्या.

आता त्या कुलमुखत्यारपत्राबद्दल, कारण अशा प्रसंगात सर्वांत जास्त घरं तिथेच फसतात. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात सांगितलं आहे की कुलमुखत्यारपत्रावरून स्थावर मालमत्तेची मालकी हस्तांतरित होत नाही. मग त्या माणसाला ते कशाला हवंय? तुमच्या नावाने सही करून तो घर तिसऱ्याला विकायला काढेल, मधला फरक त्याचा. तिसरा मिळाला नाही तर तो भाडेकरू ठेवेल, बँकेचं भरणार नाही, आणि कर्ज मात्र तुमच्या नावावर, सिबिलमधली कर्जफेडीची नोंद तुमची, नोटीसही तुमच्याच नावाने. नोटरी केलेल्या कराराला नोंदणी नसते, तो घेऊन तुम्ही कुठे उभ्या राहणार? शिवाय तो दोन लाख रोख देऊ करतोय असं तुम्ही लिहिलंत. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. म्हणजे दंड तुम्हाला, त्याला नाही. त्याला खरंच घ्यायचं असेल तर बँकेच्या संमतीने, नोंदणीकृत खरेदीखताने, पूर्ण रक्कम पे ऑर्डरने घेऊन यायला सांगा. बहुतेक जण त्यानंतर फोन उचलत नाहीत.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. कर्ज पतसंस्थेचं असेल तर वाट वेगळी आहे. तिथे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ चा वसुली दाखला आणि नियम १०७ खालची जप्ती येते, वर सांगितलेल्या मुदती लागू पडत नाहीत. सहकारी बँकांना मात्र सरफेसी लागू आहे, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात ठरलं. सोसायटी अजून स्थापन झाली नसेल तर बिल्डरचं ना-हरकत पत्र लागेल आणि त्याला वेळ लागतो, ते पत्र आजच मागा. भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर कर्जावर घेणारे खरेदीदार कमी होतील आणि किंमतही उतरेल. आणि घराची किंमतच कर्जापेक्षा कमी असती तर मी तुम्हाला विक्रीऐवजी बँकेशी एकरकमी तडजोड करायला सांगितलं असतं, पण तडजोडीची नोंद सिबिलमध्ये 'सेटल्ड' म्हणून बरीच वर्षं राहते आणि पुढचं कर्ज अवघड होतं. तुमचं तसं नाही. पूर्ण फेड केलीत तर खातं 'क्लोज्ड' दिसेल. मधल्या थकबाकीचा डाग राहील, पण तो फिका होत जातो.

ऋण वसुली न्यायाधिकरणात जाऊन स्थगिती आणतो म्हणणारे कोणी भेटले तर सावध राहा. बँकेने खरंच प्रक्रियेत चूक केली असेल तर कलम १७ खाली ४५ दिवसांत अर्ज करण्याचा हक्क आहे आणि तो जरूर वापरावा. पण तो बँकेने ताबा घेतल्यावर, साठ दिवसांच्या नोटिशीवर नाही. आणि केवळ वेळ काढण्यासाठी गेलात तर न्यायाधिकरण आधी रक्कम भरायला सांगू शकतं, वर वकिलाचा खर्च. तुमच्याकडे आत्ता तीन लाख उभे राहणार असतील तर ते कर्जखात्यात जास्त कामाला येतील.

वसुलीचे फोन येत असतील, तर सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर त्यांनी फोन करायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना फोन करून बदनामी करणंही चालत नाही. असं होत असेल तर तारीख-वेळ लिहून त्याच प्राधिकृत अधिकाऱ्याला लेखी कळवा. हे सांगतोय कारण चुकीच्या कागदावरची सही बहुतेक वेळा अशाच एखाद्या फोननंतर होते.

कर्ज बंद झाल्यावरही काम संपत नाही. थकबाकी नसल्याचं पत्र घ्या. संपूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत देणं बँकेवर बंधनकारक आहे. तिच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई द्यावी लागते. डिसेंबर २०२३ पासूनचा हा नियम अर्जात नुसता लिहिला तरी फाइल हलते. दुय्यम निबंधकाकडची गहाणाची नोंद आणि सेरसाय या गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीतली नोंद दोन्ही काढून घ्या, नाहीतर खरेदीदाराची बँक अडून बसेल. ताब्याची तारीख साठेखतात मुलांच्या परीक्षेनंतरची, किंवा पूर्ण रक्कम मिळाल्यापासून महिना-दीड महिन्यानंतरची मागा. सवलतीत घर मिळत असेल तर खरेदीदार एवढं ऐकतो. भाड्याचं घर मात्र आत्ताच बघायला लागा.

नोटिशीवरची तारीख, बँक आहे की पतसंस्था की गृहवित्त कंपनी, भोगवटा प्रमाणपत्र आहे का, आणि त्याच बँकेचं दुसरं काही कर्ज आहे का, एवढं कळवलंत तर अर्जाचा मसुदा तुमच्या बाबतीत कसा बदलायचा ते सांगेन. तोवर अर्ज मी दिला आहे तसाच घेऊन उद्या प्राधिकृत अधिकाऱ्याला भेटा, यजमानांना बरोबर घेऊन. घर दोघांच्या नावावर आहे, तेव्हा अर्जावर सहीही दोघांची लागेल.